सेकंड हँड परफॉर्मन्स सेडान घेताय? मग आधी टायरवरचे आकडे वाचा

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने नवी ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली. गाड्या फक्त १०० आणि किंमत ४९ लाख ९९ हजार, एक्स-शोरूम. बुकिंग उघडलं आणि सगळ्या गाड्या गेल्या. ज्यांना मिळाली नाही, किंवा ज्यांचं बजेट मुळात तिथवर जातच नाही, त्यांनी मग काय केलं? मोबाइल काढला आणि जुन्या आरएस शोधायला सुरुवात केली. २०१७ मध्ये आलेली २३० पीएसची आरएस तेव्हा साधारण साडेचोवीस लाखांना होती. २०२० मध्ये आलेली २४५ पीएसची आरएस सुमारे ३६ लाखांना, आणि तीसुद्धा फक्त २०० गाड्या. आज यातल्या काही गाड्या तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत. जुन्या बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीज सेडानचंही तेच. नव्या मिड-साइज एसयूव्हीच्या पैशात २००-२५० पीएसची गाडी मिळत असेल तर मन वळणारच.

पण इथे एक साधा हिशोब सुटतो. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, टायरची नाही. ३६ लाखांची गाडी तुम्ही निम्म्या किमतीत घेतलीत, तरी टायर ३६ लाखांच्या गाडीचेच लागणार. गाडी दारात आल्यावर बजेट संपलेलं असतं, आणि मग दुकानात पहिला प्रश्न येतो, 'सगळ्यात स्वस्त कुठला बसेल?'

प्रश्न चुकीचा आहे. टायर गाडीच्या आजच्या किमतीप्रमाणे घ्यायचा नसतो, तिच्या ताकदीप्रमाणे घ्यायचा असतो. त्यासाठी लागणारी माहिती जाहिरातीत, लिस्टिंगमध्ये किंवा डिस्काउंटच्या बॅनरवर मिळत नाही. ती टायरच्या कडेवर, म्हणजे साइडवॉलवर, छापलेली असते.

लिस्टिंगमधलं 'टायर ३०%' म्हणजे नक्की किती?

आधी गाडी घेण्यापूर्वीची गोष्ट. सेकंड हँड गाड्यांच्या अ‍ॅपवर तपासणी अहवाल येतो. त्यात 'टायर लाइफ ३०%' असं काहीतरी लिहिलेलं असतं. कोड लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यात लगेच प्रश्न येतो: ३० टक्के, पण कशाचे?

नव्या कार टायरच्या खाचा साधारण ८ मिमी खोल असतात. कायद्याने किमान १.६ मिमी खोली लागते, त्याखाली टायर बाद. आता ३० टक्क्यांचे दोन अर्थ निघतात. पूर्ण ८ मिमीचे ३० टक्के धरले तर २.४ मिमी उरले, म्हणजे कायद्याची मर्यादा फक्त ०.८ मिमी लांब. पण वापरण्याजोग्या ६.४ मिमीचे ३० टक्के धरले तर साधारण ३.५ मिमी उरले. दोन्ही अहवालांत आकडा एकच, पण एक टायर पावसाळ्याआधी बदलावा लागेल आणि दुसरा अजून काही महिने जाईल.

म्हणून विकणाऱ्याकडे टक्केवारी मागू नका, मिलिमीटर मागा. चारही टायरचे, प्रत्येकाचे आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला असे तीन आकडे. डेप्थ गेज नावाचं छोटं साधन स्वस्तात मिळतं. आतली कडच जास्त झिजलेली असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनमध्ये काहीतरी गडबड आहे. तसं असेल तर प्रश्न फक्त टायरचा राहत नाही.

आणि हे घासाघीस करतानाही कामाला येतं. चार टायर बदलायचे असतील तर तो खर्च गाडीच्या किमतीतून वजा करून मागा. इंजिनबद्दल वाद घालता येतो, गेजवरच्या आकड्याबद्दल नाही.

टायरची जन्मतारीख

परफॉर्मन्स गाड्या बहुतेक वेळा रोजच्या वापरात नसतात. रविवारी सकाळी निघतात, लोणावळ्याला मिसळ खाऊन परत येतात. त्यामुळे सहा वर्षांची गाडी २० हजार किमी चाललेली दिसते आणि टायरच्या खाचाही भरपूर दिसतात. विकणारा छाती फुगवून सांगतो, 'टायर ओरिजिनल आहेत, कंपनीचे.'

हीच काळजीची गोष्ट आहे. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. ऊन, ऑक्सिजन आणि उष्णता यांनी ते कडक होत जातं आणि त्याची पकड कमी होते. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे बघा. १४१९ असेल तर २०१९ सालचा १४ वा आठवडा, म्हणजे एप्रिल २०१९. हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात, त्यामुळे बाहेरून दिसले नाहीत तर फोनचा कॅमेरा गाडीखाली आतल्या बाजूला नेऊन फोटो काढा.

मिशेलिनचा सल्ला असा आहे: पाच वर्षं झाल्यावर टायर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षं झाली की नवा दिसत असला तरी बदला. ही कमाल मर्यादा आहे. जी गाडी तुम्ही पूर्ण ताकदीने चालवणार, तिच्या बाबतीत दहाची वाट बघण्यात शहाणपण नाही.

नवा टायर घेतानाही हेच चार आकडे आधी बघायचे. ऑनलाइन 'भारी डिस्काउंट' दिसला की टायर कधीचा आहे ते विचारा. कमी खपणारे साइज गोदामात पडून राहतात.

२२५/४० आर१८ ९२वाय: हा पासवर्ड नाही

२४५ पीएसच्या आरएसवर २२५/४० आर१८ साइजचे टायर येतात. त्याच साइजवर ही सगळी ओळ सोडवून बघू.

२२५ म्हणजे टायरची रुंदी, मिमीमध्ये. ४० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९० मिमी. आर म्हणजे रेडियल. १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. इथपर्यंत दुकानदारही सांगतो. खरी गंमत पुढे आहे.

९२ हा लोड इंडेक्स. याचा अर्थ एक टायर ६३० किलो वजन पेलतो. ९१ असेल तर ६१५ किलो, ८८ असेल तर ५६०. एक्सएल लिहिलेलं असेल तर टायर जादा वजनासाठी बनवलेला आहे, पण ते वजन पेलायला त्यात हवाही जास्त लागते.

शेवटचं इंग्रजी अक्षर म्हणजे स्पीड रेटिंग. टी म्हणजे ताशी १९० किमी, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३००.

इथे हमखास एक प्रश्न येतो. 'आपल्याकडे समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे. मी ३०० ने कुठे जाणार? एच घेतला तर काय बिघडलं?'

प्रश्न रास्त आहे, पण स्पीड रेटिंग म्हणजे फक्त कमाल वेगाचा परवाना नाही. ती उष्णतेची परीक्षा आहे. टायर फिरताना रस्त्याला टेकणारा भाग दर फेरीत दबतो आणि सुटतो. त्या दबण्या-सुटण्यात उष्णता तयार होते. वरच्या रेटिंगच्या टायरची आतली बांधणी त्या उष्णतेत आणि जोरात आकार टिकवून धरण्यासाठी केलेली असते. २४५ पीएसची गाडी घाटातून वर चढताना, जोरात ब्रेक लावताना, किंवा मे महिन्याच्या दुपारी काँक्रीटच्या रस्त्यावर तासन् तास एकाच वेगाने धावताना टायरवर जो ताण येतो, तो साध्या हॅचबॅकपेक्षा खूप जास्त असतो. शिवाय गाडीचे स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि ब्रेक तशा कडक बांधणीच्या टायरवरच ट्यून केलेले असतात.

म्हणून नियम सोपा ठेवा: लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग, दोन्ही कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी नको. ड्रायव्हरच्या दारातल्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतं, आणि मॅन्युअल तर असतंच. आत्ता गाडीवर जो टायर लागलाय तो बघून नवा घेऊ नका. आधीच्या मालकाने काय लावलंय याचा भरवसा नाही.

साइज बदलायचा मोह

खड्ड्यांमुळे अनेकजण विचार करतात, १८ चं रिम काढून १७ चं टाकू, साइडवॉल जाड होईल. कल्पना चांगली आहे, फक्त हिशोब जुळायला हवा.

मूळ टायरचा पूर्ण व्यास असा निघतो: साइडवॉल ९० मिमी, वर आणि खाली मिळून १८०. त्यात १८ इंच म्हणजे ४५७.२ मिमी मिळवा. एकूण ६३७.२. आता २२५/४५ आर१७ घ्या. साइडवॉल १०१ मिमी, एकूण व्यास ६३४.३. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, आणि खड्ड्यासाठी ११ मिमी रबर जादा. हिशोब जुळला. पण १७ इंचाचं रिम पुढच्या मोठ्या ब्रेक कॅलिपरला घासणार नाही ना, हे प्रत्यक्ष बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

उलट दिशेने, दिखाव्यासाठी १९ टाकायचं असेल तर २२५/३५ आर१९ चा व्यास ६४०.१ येतो. आकडा जुळतो, पण साइडवॉल ७९ मिमीवर येते. पावसाळ्यातल्या एका खड्ड्यात टायरला फुगा आणि रिमला वाक, दोन्ही एकदम.

सगळ्यात मोठा सापळा वेगळाच आहे. नव्या आरएसवर २२५/४० आर१९ टायर येतात. रुंदीचा आणि साइडवॉलचा आकडा तोच, म्हणून जुन्या गाडीलाही चालतील असं वाटतं. त्यांचा व्यास ६६२.६ मिमी आहे, म्हणजे मूळपेक्षा चार टक्के जास्त. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा चाकं मूळ टायरच्या तुलनेत चार टक्के जास्त अंतर कापत असतील. चाक वळवल्यावर आत घासण्याची शक्यता वेगळी.

एबीएस आणि ईएससी चारही चाकांच्या वेगाची सतत तुलना करतात. एखादं चाक वेगळ्या वेगाने फिरलं की सिस्टिमला वाटतं गाडी घसरतेय. म्हणजे टायर हा त्या सॉफ्टवेअरचा इनपुट आहे. इनपुट चुकीचा दिला तर आउटपुटकडून फार अपेक्षा ठेवू नका. म्हणूनच चारही टायर एकाच मॉडेलचे घ्यावेत. अगदीच जमत नसेल तर निदान एका अ‍ॅक्सलवरची जोडी तरी सारखी हवी. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत चारही चाकांची झीजसुद्धा जवळपास सारखी असावी लागते, कारण व्यासातल्या फरकाचा ताण थेट ट्रान्समिशनवर येतो.

अनेक गाड्यांमध्ये हवेचा इशारा देणारी यंत्रणाही याच चाकांच्या वेगावरून अंदाज बांधते, वेगळा सेन्सर नसतो. तशा गाडीत टायर बदलल्यावर स्क्रीनच्या मेनूमध्ये जाऊन ती रीसेट करा, नाहीतर ती जुन्या टायरचीच आकडेवारी धरून बसेल.

दुकानात 'हा साइज येत नाही' असं का ऐकू येतं?

जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'प्रतिबंधित' यादीत टाकली. म्हणजे आयात बंद नाही, पण परवाना लागतो. हॅचबॅक आणि मोठ्या खपाच्या एसयूव्हीचे टायर इथेच बनतात, त्यामुळे त्यांना फारसा फरक पडला नाही. पण ज्या साइजच्या गाड्या देशभरात मोजक्याच आहेत, त्यांचे टायर मोठ्या प्रमाणावर बाहेरून यायचे. तिथे पुरवठा तुटक झाला. एखादं मॉडेल काही महिने मिळतं, मग गायब होतं.

दुकानदाराचा 'सर, हाच घ्या, सेम टू सेम' हा सल्ला इथून जन्माला येतो. त्याच्याकडे जे आहे ते तो विकणार. तुम्ही काय घेऊ शकता याची दोन-तीन नावांची यादी आधीच फोनमध्ये असू द्या, आणि टायर संपायच्या महिनाभर आधी चौकशी सुरू करा.

आयात केलेल्या टायरवरही आयएसआय चिन्ह हवंच. कारच्या टायरसाठी भारतीय मानक आयएस १५६३३ आहे आणि ते बंधनकारक आहे. साइडवॉलवर ते चिन्ह नसेल तर टायर कुठल्या वाटेने आला हे दुकानदाराला विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी घेऊ नका.

एक चांगली बातमीही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. उदाहरणादाखल कराआधी १२ हजारांचा टायर धरा. आधी तो १५,३६० ला पडायचा, आता १४,१६०. चार टायरवर ४,८०० रुपये वाचतात. हे पैसे पुन्हा टायरमध्येच घाला: एक पायरी वरचं मॉडेल, नीट अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग.

ओल्या रस्त्याचा आकडा कुठे मिळतो?

महाराष्ट्रात वर्षाचे चार महिने रस्ता ओला असतो. टायर निवडताना पहिला निकष हाच हवा, आणि नेमका तोच आकडा सहज मिळत नाही.

जून २०२२ च्या अधिसूचनेनुसार भारतात टायरसाठी एआयएस-१४२ हे मानक लागू झालं. त्यात रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा आहेत. पण हा पास-नापासचा निकाल आहे. ३५ मार्कांनी पास झालेला आणि ९५ मार्कांनी पास झालेला, दोघेही दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले असतात. काही टायरवर बीईईचे स्टार दिसतात, पण ते इंधन बचतीचे असतात. पाच स्टार बघून पकड चांगली असेल असं समजू नका.

इथे फोन खरंच कामाला येतो. युरोपात मे २०२१ पासून टायरच्या नव्या लेबलवर क्यूआर कोड असतो आणि ओल्या रस्त्यावरच्या पकडीला ए ते ई अशी श्रेणी असते. तो कोड स्कॅन केला की युरोपीय संघाच्या ईप्रेल या सरकारी डेटाबेसचं पान उघडतं. तुम्ही बघताय तो टायर युरोपातही विकला जात असेल तर त्याच मॉडेलची आणि त्याच साइजची नोंद तिथे शोधा. साइज बदलला की श्रेणी बदलू शकते, शिवाय भारतात बनलेला टायर नावाने तोच असला तरी मिश्रणाने वेगळा असू शकतो. म्हणून हा पुरावा नाही, चांगला संकेत आहे.

साइडवॉलवरच्या ट्रेडवेअर आकड्याबद्दलही थोडी सावधगिरी हवी. ३०० पेक्षा ५०० चा टायर जास्त टिकेल असं मानलं जातं. पण हा आकडा कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे दोन वेगळ्या ब्रँडचे आकडे थेट ताडून बघण्यात अर्थ नाही. आणि सहसा जास्त टिकणारं रबर म्हणजे जास्त कडक रबर. घाटातल्या ओल्या वळणावर तुम्हाला काय हवंय ते ठरवा.

रन-फ्लॅट आणि स्टेपनीचा प्रश्न

अनेक बीएमडब्ल्यू सेडानमध्ये रन-फ्लॅट टायर येतात. पंक्चर झाल्यावरही ते साधारण ताशी ८० किमीने ८० किमी जाऊ शकतात. त्यांची साइडवॉल कडक असते, म्हणून आपल्या रस्त्यांवर गाडी आदळते, आणि ते महागही असतात. त्यामुळे बरेच मालक साधे टायर टाकतात. त्यात गैर काही नाही, पण मग रात्री दोन वाजता महामार्गावर पंक्चर झालं तर काय, याचं उत्तर तयार हवं. स्टेपनी आहे का? नसेल तर निदान पंक्चर किट आणि हवा भरायचा पंप डिकीत हवा. आणि मूळ रन-फ्लॅटच्या जागी अर्धे रन-फ्लॅट, अर्धे साधे असा कारभार करू नका.

काही गाड्यांत पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या रुंदीचे असतात. तिथे पुढचे मागे, मागचे पुढे अशी अदलाबदल करता येत नाही. एक जोडी लवकर झिजते, तेव्हा तिचा खर्च आधीच धरा.

विम्याचंही लक्षात ठेवा. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत फक्त टायरचं नुकसान झालं तर भरपाई मिळत नाही. गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळते. खड्ड्यात एकटा टायर गेला तर खर्च तुमचा, टायरसाठीचं वेगळं अ‍ॅड-ऑन नसेल तर.

मग ठरवायचं कसं?

२०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर आरटीओच्या पथकांनी गाड्यांचे टायर तपासून गुळगुळीत टायरवाल्यांना अडवायला सुरुवात केली होती. ती वेळ यायलाच नको. क्रम असा ठेवा:

१. मॅन्युअल किंवा स्टिकरवरचा साइज, लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग फोनमध्ये लिहून घ्या. यात तडजोड नाही.

२. त्यात बसणारी दोन-तीन मॉडेल शोधा. ओल्या रस्त्याची पकड आधी, टिकाऊपणा नंतर, आवाज त्यानंतर.

३. दुकानात आयएसआय चिन्ह आणि डीओटीचे चार आकडे स्वतः वाचा. चारही टायर साधारण एकाच काळातले असावेत.

४. दोनच टायर बदलणार असाल तर नवे मागे लावा, गाडी फ्रंट-व्हील-ड्राइव्ह असली तरी. ओल्या वळणावर मागचं टोक सुटलं तर ते सावरणं फार कठीण असतं.

५. बसवताना 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेरच आहे ना, आणि फिरण्याच्या दिशेचा बाण बरोबर आहे ना, बघा. अलाइनमेंटचा प्रिंट घ्या.

६. नायट्रोजन भरलीत तरी चालेल, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महत्त्वाचं हे की दर पंधरा दिवसांनी टायर थंड असताना हवा तपासा.

आणि या सगळ्यानंतर चांगल्या टायरचे पैसे उरत नसतील तर? मग ती गाडी सध्या तुमच्या बजेटमध्ये नाही, इतकंच. एक पायरी खालची सेडान आणि तिला उत्तम टायर, हा सौदा वाईट नाही. २४५ पीएस असोत की १५०, रस्त्याला टेकलेलं रबर चार तळहातांएवढंच असतं, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी तेवढ्याच जागेवर थांबते.